जुन्या ट्रॅक्टरचे तेल कोठून गळते?

जुन्या डिझेल ट्रॅक्टरचे इंजिन नव्याने बांधले, की त्याच्या मालकाची पहिली तक्रार बहुधा एकच असते: इंजिनाखाली जमिनीवर तेलाचा डाग पडतो. नवे पॅकिंग, नवी ऑईल सील, नव्या रिंगा, इतके सारे करूनही तेल गळते, म्हणजे काम वाईट झाले असा समज होतो. पुष्कळदा हा समज चुकीचा असतो आणि त्याची किंमत मोठी पडते.

बंगळूर येथे 1953 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने 1971 साली पिंजोर येथे ट्रॅक्टरांचे उत्पादन सुरू केले. चेकोस्लोव्हाकियातील झेटर कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने तयार झालेला 25 अश्वशक्तीचा, दोन सिलिंडरांचा ट्रॅक्टर हा तिचा आरंभीचा नमुना होय. 2016 साली केंद्र सरकारने हा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मान्यता दिली. अर्धशतक ओलांडलेली अशी इंजिने गावोगावच्या मिस्त्रींनीच पुन्हा उभी करावयाची असतात. मोटारगाडीप्रमाणे बहुतेक ट्रॅक्टरांना निराळी चौकट नसते. इंजिन, क्लचचे घर आणि गिअरपेटी एकमेकांना बोल्टांनी जोडून त्यांचाच कणा बनविलेला असतो. म्हणून इंजिनाच्या मागील बाजूचे ऑईल सील बदलावयाचे झाल्यास ट्रॅक्टर मधोमध तोडावा लागतो. निदान चुकले, तर ऐन पेरणीत हे सारे काम व्यर्थ जाते आणि डाग होता तेथेच राहतो.

तेल जेथे दिसते तेथेच ते गळत असते असे नाही. ते उतारावरून खाली वाहते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे लोटले जाते. त्यामुळे इंजिनाच्या खालच्या, मागील कोपऱ्यात सर्व ठिकाणचे तेल येऊन जमते व दोष बिचाऱ्या मागील सीलावर येतो. प्रथम रॉकेल व कुंचला घेऊन इंजिन स्वच्छ धुवावे, पूर्ण वाळवावे आणि जोडांवर खडूची बारीक पूड भुरभुरावी. मग इंजिन चालवून गरम होऊ द्यावे. पुडीवर सर्वांत वर व सर्वांत पुढे जो ओला ठिपका उमटेल, तोच उगम समजावा.

गळणारा पदार्थ कोणता, हेही पाहिले पाहिजे. डिझेल इंजिनातील वंगण काजळीने लवकरच काळे होते. गिअरचे तेल दाट असून त्यास गंधकासारखा उग्र वास येतो. डिझेल पातळ असते आणि टिपकागदावर त्याचे वलय दूरवर पसरते. 1951 साली स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘मायको’ने, जर्मनीतील बॉशच्या तंत्राने बनविलेले इंधनपंप देशातील कित्येक डिझेल इंजिनांवर बसले. अशा पंपांच्या काही जुन्या प्रकारांत वंगणाचा निराळा साठा असे. आतील दांडे झिजले की डिझेल त्या साठ्यात झिरपते, पातळी वाढते आणि वरकड मिश्रण बाहेर टपकते. पंपाचे वंगण इंजिनाशी सामाईक असेल, तर डिझेल थेट इंजिनाच्या तेलात जाते. तेल मोजण्याच्या पट्टीवर पातळी घटण्याऐवजी चढत असल्यास ट्रॅक्टर तत्काळ थांबवावा. पातळ झालेले तेल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही. शिवाय वाढलेले तेल सिलिंडरांत ओढले गेले, तर इंजिन तेच जाळून बेफाम धावू लागते आणि डिझेल बंद करूनही थांबत नाही.

दर दहा सेकंदांस एक थेंब, हे गळणे पाहणाऱ्यास भयंकर वाटते. वीस थेंबांचा सुमारे एक मिलिलिटर धरला, तर आठ तासांत 144 मिलिलिटर तेल जाते. रोज पातळी पाहून भर घातल्यास इंजिनास धोका नाही. दाबाच्या नळीची चीर मात्र निराळी. तेथे तेल प्रति चौरस सेंटिमीटर दोनतीन किलोग्रॅम दाबाने खेळत असल्यामुळे ते पाझरत नाही, उडते, आणि इंजिन थोड्या वेळात कोरडे पडू शकते. तेलाच्या नळ्यांच्या जोडाखालील तांब्याचे वॉशर न तापविता पुन्हा वापरणे, हे अशा गळतीचे नेहमीचे कारण आहे. वापराने कठीण झालेले तांबे लाल होईतो तापविले की पुन्हा मऊ होते व जोडात नीट दबते.

सर्वांत फसवे कारण डोळ्यांस दिसत नाही. ज्वलनाचा काही वायू रिंगांच्या बाजूने खाली, तेलाच्या चेंबरकडे निसटतो. त्याला बाहेर सोडण्यासाठी ब्रीदर असतो. तो काजळीने तुंबला की आत दाब वाढतो. हा दाब केवळ दहा सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका असला, तरी 50 सेंटिमीटर लांब व 15 सेंटिमीटर रुंद टॅपेट कव्हर साडेसात किलोग्रॅम बलाने वर उचलले जाते. मग निर्दोष पॅकिंगमधूनही तेल बाहेर येते, आणि एक जोड पक्का केला की ते दुसरीकडून वाट काढते. पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून, तीत पाणी भरून, तिचे एक टोक मोजपट्टीच्या भोकात घट्ट बसविल्यास हा दाब मोजता येतो. ब्रीदर साफ केल्यावर पाणी समपातळीवर आले, तर रोग तेथेच होता. तसे न होता तेल भरण्याच्या तोंडातून धुराचे झोत येत राहिले, तर रिंगा व लायनर यांकडे वळावे.

नव्या रिंगा बसण्यास काही तास काम लागते. हौसेने उभारलेला ट्रॅक्टर पुष्कळदा अंगणात किंवा प्रदर्शनात नुसता गुरगुरत ठेवतात. भाराविना सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, रिंगा भिंतीवर दाबल्या जात नाहीत आणि भिंत काचेसारखी गुळगुळीत होते. वर चढलेले तेल व अर्धवट जळलेले डिझेल धुराड्याच्या जोडांतून काळ्या ओघळांनी उतरते. ही गळती नव्हेच. अशा वेळी पॅकिंग बदलू नये. ट्रॅक्टरला नांगर जोडून त्यास चांगले राबवावे. भिंत फारच गुळगुळीत झाली असेल, तर मात्र पुन्हा होनिंग करावे लागते.

क्लचच्या घराखाली भोक ठेवलेले असते. त्यातून काळे तेल टपकत असेल, तरीही सील दोषी ठरत नाही. कॅमशाफ्टच्या मागील टोकाची पत्र्याची टोपी सैल असली, किंवा तेलमार्गाचा बूच नीट बसला नसला, तरी तेल नेमके तेथेच उतरते. ट्रॅक्टर तोडलाच, तर सील काढण्यापूर्वी ही दोन ठिकाणे दिवा धरून पाहावीत.