नाटक कंपनीचं, जोखीम गावाची

डिसेंबरची कडाक्याची थंडी. पडदा रात्री दहाच्या सुमाराला उघडणार आणि नाटक संपेपर्यंत उजाडायला येणार. हे ठाऊक असूनही अख्खं गाव चादरी-घोंगड्या घेऊन धान कापलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, येऊन बसतं. शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा, दिवस असेल तर त्याच गावात, त्याच रात्री दुसरं नाटकही लागलेलं असतं, कधीकधी तिसरंही, आणि सगळीकडे गर्दी असते! भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत हा हंगाम चालतो. शहरातली नाट्यगृहं भरायची कशी, या काळजीत मोठमोठे निर्माते असतात. इथे मात्र लहान लहान नाट्यमंडळं गावोगाव फिरून व्यावसायिक रंगभूमी चालवतात, तीही पिढ्यानपिढ्या. हे जमतं कसं?

उत्तर शोधायला वडशाला जावं लागतं. देसाईगंज हे त्याचं कागदोपत्री नाव. गडचिरोली जिल्ह्यातलं हे रेल्वेचं गाव म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची पेठ. नाट्यमंडळांची कार्यालयं इथे एकमेकांना खेटून उभी आहेत. बाहेर नटनट्यांचे फोटो आणि नव्या नाटकांच्या नावांचे रंगीत फलक, आत तारखांची वही. गावातली पोरं आणि जाणती माणसं मिळून मंडळ करतात, वडशाला येतात, चार कार्यालयांत फिरतात. यंदा नवीन काय आहे, नायिका कोण, विनोदी नट कोण, गाणी किती, याची बारकाईनं चौकशी होते. मग घासाघीस होऊन रक्कम ठरते, इसार दिला जातो आणि वहीत गावाचं नाव चढतं.

सगळी किमया या वहीत आहे. शहरात निर्माता नाटक बसवतो, नाट्यगृहाचं भाडं भरतो, जाहिरात करतो आणि खिडकीवर किती तिकिटं खपतील याची वाट बघतो. सगळी जोखीम त्याची. झाडीपट्टीत कंपनी ठरलेल्या रकमेवर प्रयोग देते. मंडप, तिकीटविक्री, भोंगा लावून आसपासच्या गावांत फिरणारी गाडी, ही सारी जबाबदारी गावच्या मंडळाची. तिकिटं कमी खपली तर तोटा मंडळाचा. जास्त खपली तर उरलेले पैसे गावातच राहतात आणि देवळाच्या किंवा गावच्या एखाद्या कामाला लागतात. कंपनीला हंगामाच्या सुरुवातीलाच आपल्या रात्री कळतात. त्या हिशेबावर तिला कलावंत ठरवता येतात, नेपथ्य करता येतं, वाद्यवृंद बांधता येतो. कलावंताला रात्रीच्या प्रयोगाचे पैसे मिळतात. लहान कंपनीच्या जिवावर उठणारी अनिश्चितता अशी शेकडो गावांत वाटली जाते, आणि एकेका गावाच्या वाट्याला तिचा सोसवेल एवढाच भाग येतो.

आणि गाव नुसते पैसे घालत नाही, नाट्यगृहच उभं करतं. धानकापणी झाली की बांधी मोकळी होते. तिथे प्रेक्षकांसाठी जमीन खोदून खोलगट करतात. निघालेली माती एका टोकाला रचली की रंगमंचाचा ओटा तयार. पुढचा माणूस खाली बसतो, म्हणून मागच्याला मंच दिसतो. वर शामियाना, भोवती कनात. कंपनीचा टेम्पो संध्याकाळी येतो, पडदे चढतात, दिवे टांगले जातात. ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड यांची जागा ठरलेली असते, कारण गाणी अजूनही तिथल्या तिथे गायली जातात. प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो. आज इथे, उद्या दुसऱ्या गावी, अशा धावपळीत सगळ्या कंपनीची भिस्त त्याच्यावर असते.

गाव एवढा खटाटोप का करतं? मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट आणि नाटक हे इथे एकाच सणाचे भाग आहेत. घरात धान आलेलं असतं, हातात थोडा पैसा असतो. नाटकाची तारीख ठरली की सासरी गेलेल्या लेकींना, व्याह्यांना, मामा-मावशांना निरोप जातात. घराघरांत पाहुणे उतरतात, मुलामुलींच्या सोयरिकी इथेच जुळतात. नाटकाचं तिकीट हा पाहुणचाराचा भाग होऊन जातो. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आली आणि शंकरपट थांबले. नाटकाचा एक मोठा आधार निखळला, तरी गावांनी नाटक सोडलं नाही. 2021च्या अखेरीस शर्यतींना परवानगी मिळाली, तेव्हा रंगभूमी जागेवरच होती.

या रंगभूमीवर भडकपणाचा आरोप होतो. इथे अश्रू मोठे, खलनायक उग्र आणि मध्येच लावणी येते, हे खरंच आहे. पण रात्रभर हजारोंना बांधून ठेवायचं तर नटाचा आवाज आणि भावना शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचायलाच हवी. याच मंचावर नवरगावच्या सदानंद बोरकरांचं शेतकऱ्यांवरचं ‘आत्महत्या’ नाटक उभं राहिलं आणि शेतकऱ्यांनीच ते पाहिलं. याच मातीच्या ओट्यावर उभं आयुष्य काढणाऱ्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. दंडार आणि खडीगंमत या लोककलांची नाळ इथे अजून तुटलेली नाही.

मला या साऱ्यात सगळ्यांत मोलाची वाटते ती गावाला मिळालेली भूमिका. लहान नाट्यसंस्था लोकांकडे आधार मागतात तेव्हा बहुधा देणगी मागतात. देणगी देणारा माणूस पुढच्या वर्षी विसरू शकतो. झाडीपट्टीतल्या गावाला विसरून चालत नाही. नाटक त्यानं निवडलेलं असतं, जमीन त्यानं खोदलेली असते, पाहुणे त्याच्या घरी आलेले असतात आणि प्रयोग पडला तर नाक त्याचंच कापलं जाणार असतं. म्हणून गाव नाटक यशस्वी करूनच सोडतं. शहरातल्या एखाद्या वसाहतीनं, वाचनालयानं, कारखान्यातल्या कामगारांनी वर्षातली एक रात्र अशी आपल्या अंगावर घ्यायला काय हरकत आहे? शंभर ठिकाणी शंभर रात्री ठरल्या तर एका लहान कंपनीचं वर्ष उभं राहतं. हे स्वप्नरंजन नाही, वडशाच्या वह्यांमध्ये दर हंगामात मांडला जाणारा रोखठोक हिशेब आहे.