कांदा जिथे पावसाळा काढतो

लासलगावच्या बाजार समितीच्या आवारातली ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग सगळ्यांनी पाहिलेली असते, निदान टीव्हीवर तरी. भाव चढले काय नि पडले काय, कॅमेरे तिथेच येतात. पण ऑगस्टमध्ये लिलावाला उभ्या राहिलेल्या उन्हाळ कांद्याला शेतातून निघून चार महिने होत आलेले असतात. मधला काळ तो चाळीत काढतो. निफाड, चांदवड, येवला या पट्ट्यात वस्तीवस्तीवर घराशेजारी दिसणारी ही लांबट, फटींची इमारत कोणाला पाहण्यासारखी वाटत नाही. माझ्या मते या भागातले सर्वांत विचारपूर्वक केलेले बांधकाम तेच आहे.

गोदाम म्हटले की जाड भिंती, लहान झरोके आणि भक्कम कुलूप. चाळीत यातले काहीच चालत नाही. कांदा काढल्यानंतरही जिवंत असतो. श्वास घेतो, ऊब सोडतो, ओल सोडतो. ती ढिगात अडकली की सड सुरू होते. म्हणून इथल्या भिंतीचे काम वारा अडवण्याचे नाही, कांदा अडवण्याचे आहे. बांबू किंवा लाकडी पट्ट्या फटी ठेवून ठोकलेल्या असतात. तळही पट्ट्यांचाच आणि जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला. वरची गरम हवा निघून गेली की खालून थंड हवा शिरते. पंखा नाही, वीज नाही.

चाळीची मापेही कांद्यानेच ठरवली आहेत. कप्पा चार फूट रुंद, कारण त्याहून रुंद केला तर मधल्या कांद्यापर्यंत वारा पोहोचत नाही. थर पाच फुटांपर्यंतच, कारण त्यापुढे तळचा कांदा भाराने दबतो. चाळीस फूट लांबीचे असे दोन कप्पे समोरासमोर घेतले की सोळाशे घनफूट जागा होते, आणि तिच्यात साधारण पंचवीस टन माल बसतो. सरकारी अनुदानाच्या आराखड्यांतली पंचवीस टनांची चाळ ती हीच. एकाच कप्प्याची, म्हणजे एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधायची, म्हणजे पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा तिच्या लांब अंगावर येतो. दुपाखी मात्र पूर्व-पश्चिम, म्हणजे तोच वारा दोन कप्प्यांमधल्या मोकळ्या गल्लीतून धावतो. छप्पर भिंतीच्या बरेच बाहेर काढतात, नाहीतर तिरपा पाऊस फटींतून थेट मालावर. मंगलोरी कौले किंवा सिमेंटचे पत्रे बरे. लोखंडी पत्रा दुपारी तापतो, मग त्यावर उसाचे पाचट पसरावे लागते.

चाळ कितीही चांगली असली तरी भिजका, कच्च्या मानेचा कांदा तिच्यात टिकत नाही. निम्म्या माना पडल्या की काढणी, मग तीन-चार दिवस शेतातच पातीखाली सुकवण, इंचभर मान ठेवून पात कापणे आणि पुन्हा सावलीत वाळवण. मान मिटली पाहिजे, पत्ती चढली पाहिजे. जोड, डेंगळे आणि मार लागलेला कांदा आधीच बाजूला. लाल कांद्याला हे सोपस्कार कोणी करत नाही. तो टिकत नाही, निघाला की थेट बाजारात जातो.

एवढे करूनही चार-पाच महिन्यांत घट, सड आणि कोंब मिळून तिसरा हिस्सा सहज जातो. त्यावर उपाय म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावातच 2002 साली ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. कोबाल्ट-60 चे गॅमा किरण कोंब रोखतात, पण वाळणे आणि सडणे रोखत नाहीत. शीतगृहात कांदा टिकतो, मात्र बाहेर काढल्यावर त्याला घाम फुटतो आणि कोंबही लवकर येतात. विजेचे बिल निराळेच. त्यामुळे चाळ अजून हटलेली नाही.

आणि ती केवळ साठवणीसाठी बांधलेली नसतेच. एप्रिलमध्ये सगळ्यांचा माल एकदम निघतो आणि भाव कोसळतो. ज्याच्याकडे चाळ आहे तो व्यापाऱ्याला ‘आज नको’ म्हणू शकतो. पण चाळीवर वारा दिल्लीकडूनही येतो. ऑगस्ट 2023 मध्ये चाळी भरलेल्या असताना निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागले. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, आणि कांदा मात्र आत श्वास घेतच राहिला. थांबण्याची मुदत त्याला वाढवून मागता येत नाही.

चाळ कधी फोडायची हे बहुतेक वेळा नाक ठरवते. पावसाची झड दोन-चार दिवस टिकली की सकाळी चाळीच्या कडेने एक फेरी होते. कुबट वास आला, की तो कप्पा मोकळा करून निवडायला बसायचे. निवडीची मजुरी, घटलेले वजन, गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, वेगळा भाव, मुलीच्या लग्नाची तारीख, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, हे सगळे त्या दिवशी एकत्र मांडले जाते. उत्तर दर घरी निराळे येते, म्हणून एकाच बांधाच्या दोन्ही अंगांच्या चाळी एकाच आठवड्यात फुटतातच असे नाही.