आकुंचन पावणारी शहरे : जपानचा अनुभव

जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास १२.८ कोटींवर पोहोचली व त्यानंतर घटू लागली. ही घट सर्व शहरांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. जन्मदर अत्यल्प असूनही टोकियोची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेपर्यंत वाढत राहिली, ती अन्य प्रांतांतून येणाऱ्या तरुणांमुळे.

याची झळ लहान शहरांना बसली. होक्काइदोमधील युबारी या कोळसा खाणींच्या शहरात १९६० मध्ये लाखाहून अधिक लोक राहत. २०२० मध्ये साडेसात हजारही उरले नाहीत. रहिवासी गेले तरी जलवाहिन्या, रस्ते आणि कर्ज मागेच राहते. त्यांचा भार उरलेल्या, बहुतांशी वृद्ध नागरिकांवर पडतो. खाणी बंद पडल्यावर पर्यटनासाठी काढलेले कर्जही अंगलट आले. २००७ मध्ये नगरपालिका आर्थिक पुनर्रचनेखाली गेली. व्यवहारात ती दिवाळखोरीच होती. करवाढ, वेतनकपात व शाळांचे एकत्रीकरण झाले आणि स्थलांतराला आणखी एक कारण मिळाले.

मध्यम शहरांना मात्र निवडीस वाव असतो. सुमारे चार लाख वस्तीच्या तोयामा शहराने २००६ मध्ये जुन्या रेल्वेमार्गावर हलकी रेल्वे सुरू केली आणि शहराच्या मध्यभागी व वाहतूक मार्गांलगत राहण्यास येणाऱ्यांना अनुदान दिले. लोकसंख्या घटणार हे तेथे गृहीतच धरले आहे. वस्ती विखुरू न देता नागरी सेवांचा दरडोई खर्च आवरणे, एवढेच उद्दिष्ट आहे. वाढीचेच नियोजन करण्याची सवय जडलेल्या यंत्रणेला हे सहजी रुचत नाही.