दारी झुलणारा हत्ती

एखाद्याच्या वैभवाचे वर्णन करावयाचे झाले म्हणजे ‘त्याच्या दारी हत्ती झुलतो’ असे मराठीत म्हणतात. हे म्हणताना त्या हत्तीला रोज चारा किती लागतो, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. वैभव येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. चाऱ्याचा खर्च एकट्या धन्याला ठाऊक असतो. बंगळूरच्या दक्षिणेस, तमिळनाडूच्या सीमेजवळ असलेल्या आनेकल या गावाच्या नावातच हत्ती ऐकू येतो. कन्नडमध्ये ‘आने’ म्हणजे हत्ती. या तालुक्यात गेल्या काही वर्षांत वसलेल्या नव्या वसाहतींतून फेरफटका मारला, तर एखाद्या घरापुढे कापडी आच्छादनाखाली झाकलेली, उंच बांध्याची आणि रुंद चाकांची रानवाटांची गाडी उभी दिसते. आठवड्याचे पाचसहा दिवस ती जागची हालत नाही. ती ठेवावी की विकून लहान गाडी घ्यावी, हा प्रश्न त्या घरात अधूनमधून निघतो आणि अनिर्णित राहतो. वरकरणी तो हौसेचा प्रश्न वाटतो. परंतु त्यात घरातील पैसा, जागा आणि वडीलधाऱ्या माणसांची सोय या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या असतात. म्हणून तो नीट मांडून पाहणे इष्ट होय.

या जातीच्या गाडीचा जन्म निकडीतून झाला. १९४०-४१ साली अमेरिकेच्या सैन्याला चिखलातून, वाळूतून आणि खडकाळ चढावरून माणसे व निरोप नेणारे हलके वाहन हवे होते. त्यातून जीप निर्माण झाली, आणि महायुद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजनेस प्रारंभ झाला आणि पुढे गटविकास अधिकाऱ्याची जीप ही खेड्यापाड्यांतील ओळखीची वस्तू होऊन बसली. जेथे सडक संपते तेथून पुढे जाणे, हेच तिचे काम होते. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली, २०१० साली महिंद्रची थार आली, आणि २०२० साली थारचे नवे रूप बाजारात आल्यावर हे वाहन शहरी कुटुंबाच्या हौसेचा विषय झाले. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी आज महानगरांच्या वाहनतळांत सर्रास आढळते.

तिची रचना समजून घेतली की खर्चाचा अर्थ कळतो. सामान्य मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. ‘फोर बाय फोर’ गाडीत गिअरच्या पेटीमागे आणखी एक पेटी असते. ती शक्तीची वाटणी पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांकडे करते. तिचा खालचा टप्पा लावला म्हणजे वेग कमी होतो आणि ओढ कित्येक पटींनी वाढते. मागची चाके चिखलात फिरत राहिली तरी पुढची चाके गाडी बाहेर काढतात. या सामर्थ्याचे मोल मात्र वजन, उंची आणि जाड टायर यांच्या रूपाने चुकवावे लागते. सपाट डांबरी सडकेवर ही शक्ती निरुपयोगी असते. वजन तेवढे प्रत्येक किलोमीटरला सोबत असते.

आता आनेकलमधील एक मराठी घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. पतिपत्नी दोघेही नोकरीनिमित्त पुण्याहून इकडे आलेली. येताना पुण्यात घेतलेली, महाराष्ट्राचा क्रमांक असलेली तीन दारांची गाडी बरोबर आणलेली. पुण्यास असताना मावळातील घाटवाटा, पावसाळ्यातील कच्चे रस्ते, किल्ल्यांचे पायथे हे सारे तासादोन तासांच्या अंतरावर होते. आनेकलहून कोल्हापूर गाठावयाचे तरी सहाशे किलोमीटरच्या वर प्रवास होतो. शेजारी बन्नेरघट्ट्याचे अरण्य आहे, पण ते १९७४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तेथे परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही, मग गाडी घालणे दूरच राहिले. रोजच्या जाण्यायेण्याचे चित्रही पालटले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्रपर्यंत आली, आणि होसूर रस्त्यावरील वाहनांच्या गर्दीतून रोज गाडी हाकण्याची सक्ती पुष्कळ घरांपुरती उरली नाही.

या घरात गावाहून आई राहावयास आल्या आहेत. त्यांचे गुडघे दुखतात. गाडीची पायरी त्यांच्या पायांना उंच पडते, आणि तीन दारांच्या गाडीत मागे बसावयाचे म्हणजे पुढचे आसन वाकवून अंग चोरून आत शिरावे लागते. म्हणून दवाखान्यात जावयाचे झाले की रिक्षा बोलावली जाते आणि दारातील गाडी दारातच राहते. हिशोबाची वही उघडण्यापूर्वी या गोष्टीची नोंद झाली पाहिजे. ज्या माणसाला वाहनाची सर्वांत अधिक गरज आहे, त्यालाच त्यात बसता येत नसेल, तर ते वाहन कुटुंबाचे म्हणता येत नाही.

त्यानंतर हिशोब. पुढील आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येक घराने आपले आकडे त्यांच्या जागी घालावे. समजा, गाडीला आज दहा लाख रुपये मिळू शकतात. वर्षभर ती दारात ठेवली तर तिची किंमत ८० हजारांनी उतरेल. विम्याचे २५ हजार आणि देखभालीचे १५ हजार लागतील. गाडीत अडकलेले दहा लाख रुपये साडेसहा टक्के व्याजाने ठेवले असते तर ६५ हजार मिळाले असते. तेही खर्चातच धरावे. एकूण १ लाख ८५ हजार झाले. यात डिझेलचा एक थेंबही नाही. वर्षात गाडी तीन हजार किलोमीटर चालली तर एका किलोमीटरला सुमारे ६२ रुपये पडतात; बारा हजार किलोमीटर चालली, तर हाच उभा खर्च साधारण पंधरा रुपयांवर येतो. गाडी महाग की स्वस्त, हे विकत घेतानाच्या किमतीपेक्षा ती किती वापरली जाते यावर ठरते, ते असे.

पण गाडी विकली म्हणजे हा सर्व खर्च वाचला, असे मानणेही चुकीचे होईल. कारण तिच्या जागी दुसरी येणार आहे. पाच लाखांची वापरलेली लहान गाडी घेतली, तर तिच्यावर व्याजाचे ३२ हजार ५००, किंमत उतरण्याचे ४० हजार, विम्याचे १२ हजार आणि देखभालीचे ८ हजार असे ९२ हजार ५०० रुपये वर्षाला पडतील. म्हणजे खरी बचत तेवढ्याच रकमेची, ९२ हजार ५०० रुपयांची. इतक्या कमी वापरात इंधनाचा फरक पाचसहा हजारांपलीकडे जात नाही. स्वतः चालविण्यासाठी भाड्याने मिळणारी, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली फोर बाय फोर गाडी दिवसाला पाच हजारांना मिळते असे धरले, तर या बचतीत वर्षाचे अठरा दिवस ती घेता येते. येथे प्रश्न अगदी नेमका होतो: जेथे लहान गाडी जाऊच शकत नाही अशा वाटेवर हे घर वर्षातून अठरा दिवसांहून अधिक जाते काय? गेल्या वर्षाच्या सहली बोटांवर मोजल्या की उत्तर मिळते. आठवण हौसेच्या बाजूने साक्ष देते, म्हणून पुढचे तीन महिने प्रत्येक फेरीची तारीख, अंतर आणि रस्ता वहीत टिपून ठेवणे अधिक विश्वसनीय.

न वापरल्याने गाडी नवी राहते, हाही एक गोड गैरसमज आहे. उभ्या गाडीची बॅटरी काही आठवड्यांत उतरते, एकाच जागी भार पडून टायर चपटतात, ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो, उंदीर तारा कुरतडतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या प्रदूषण नियमांनुसार बनलेल्या डिझेल गाडीत काजळी धरणारी गाळणी असते. ती काजळी जळून जाण्यासाठी गाडी मधूनमधून सलग वेगाने चालावी लागते. भाजी आणण्यापुरत्या दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी गाळणी तुंबते. पुढच्या आसाची यंत्रणाही अधूनमधून चालवावी लागते. तेव्हा गाडी ठेवावयाची असेल, तर ती चालवावयाचीही आहे.

विक्रीच्या विचारात सर्वांत मोठा अडसर येतो तो जुन्या किमतीचा. ‘पंधरा लाखांना घेतली, ती दहाला कशी द्यावी?’ या वाक्याशी पुष्कळ घरांत चर्चा थांबते. परंतु ते पाच लाख गाडी ठेवली तरी परत येणार नाहीत. आज दहा लाख रुपये हातात असते आणि गाडी नसती, तर हीच गाडी विकत घेतली असती काय, एवढेच विचारावे. लोकलज्जेचेही तसेच. मोठी गाडी गेली म्हणजे घराला ओढग्रस्त लागली, अशी कुजबुज चार दिवस होईल. विम्याचा हप्ता मात्र दरवर्षी भरावा लागतो.

याची दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. ज्यांची शेती कच्च्या रस्त्याच्या टोकाला आहे, ज्यांचे काम खाणीवर, धरणावर किंवा मळ्यांत आहे, किंवा ज्यांच्या गावची वाट पावसाळ्यात चिखलात बुडते, त्यांच्यासाठी ही गाडी चैन नव्हे. काहींच्या बाबतीत डोंगरातील प्रवास हाच वर्षभराच्या श्रमांवरील उतारा असतो. ते आनंदासाठी जाणूनबुजून ९२ हजार मोजीत असतील, तर त्यात गैर काही नाही. मात्र ती रक्कम माहीत असावी, आणि घरातील इतरांची तिला संमती असावी.

विकण्याचे ठरले तर कागदपत्रांत हयगय करू नये. एका राज्याचे वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाचे असेल, तर तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि कर्नाटकाचा आजीवन कर देशातील भारी करांत मोडतो. महाराष्ट्राच्या क्रमांकाची गाडी घेणारा बंगळूरचा गिऱ्हाईक हा कर किमतीतून वजा करूनच भाव सांगतो. म्हणून पुण्याकोल्हापूरचा भावही विचारून पाहावा. कर्नाटकात विकल्यास मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. कर्ज असेल तर बँकेचा बोजा नोंदणीवरून उतरवून घ्यावा. हस्तांतराचे २९ व ३० क्रमांकाचे नमुने केवळ सही करून गिऱ्हाइकाच्या हाती सोपवू नयेत. नोंदणीत नाव बदलल्याची खात्री करून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे की, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. गाडी कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सवलत मात्र गाडीची नसून मालकाची असते, आणि ती पन्नास टक्क्यांपर्यंत पोचलेली असू शकते. तिचे पत्र विमा कंपनीकडून घेऊन नव्या गाडीसाठी वापरावे.

लहान गाडी निवडताना केवळ किंमत पाहू नये. आईंना न वाकता आणि न चढता बसता येईल असे आसन, पुरेसे रुंद उघडणारे मागचे दार आणि पाण्याचे कॅन किंवा चाकांची खुर्ची मावेल एवढी मागची जागा, यांना अग्रक्रम द्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे नवी गाडी घेण्याचा मोह होईल. पण नवीवर आजीवन कर पुन्हा भरावा लागतो, आणि कर्नाटकातच नोंदलेल्या जुन्या गाडीवर तो आधीच्या मालकाने भरलेला असतो, हे विसरू नये.

आनेकलच्या त्या घरात वही तीन महिन्यांनी उघडली जाईल. तीत चिखलाच्या वाटेच्या नोंदी भरपूर निघाल्या तर गाडी राहील, आणि ती सुखाने राहावी. आईंसाठी मग दुसरी सोय शोधावी लागेल. बाजार, शाळा आणि दवाखाना एवढ्याच नोंदी निघाल्या, तर निर्णय वहीनेच दिला असे समजावे. मग पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना रिक्षा बोलवावी लागणार नाही. आई स्वतःच दार उघडून बसतील. आणि पावसाळ्यात सह्याद्रीची ओढ लागलीच, तर चार दिवसांपुरता हत्ती भाड्याने आणता येईल. त्याच्या वर्षभराच्या चाऱ्याची चिंता मात्र दुसरा कोणी वाहील.