आधीं ‘कोठें’ तें सांगा

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. रात्रीं दोनच्या सुमारास जाग आली म्हणून खिडकीशीं गेलों, तों समोरच्या घराच्या मागील बाजूस दोन इसम खिडकीची जाळी कापीत असलेले दिसले. त्या घरांत त्या रात्रीं एक वृद्ध बाई व तिची सहा वर्षांची नात एवढींच होतीं. मीं तत्काळ ११२ हा क्रमांक लावला. पलीकडून एका मुलीचा शांत आवाज आला. मीं माझें संपूर्ण नांव सांगितलें, चोर आल्याचें सांगितलें. एकाच्या अंगांत काळा रेनकोट आहे, हेंही सांगितलें. ती म्हणाली, “आजोबा, ठिकाण सांगा.” “सेक्टर पांच.” “कुठला सेक्टर पांच?” मी चिडलों. “अहो, इथलाच!”

जन्मभर मुलांकडून विभक्त्या घोकून घेतलेल्या मनुष्यास ऐन वेळीं सप्तमीच आठवूं नये! कर्ता सांगितला, कर्म सांगितलें, विशेषणेंही सांगितलीं. अधिकरण तेवढें राहिलें. वाशी, ऐरोली, घणसोली, आमचें कोपरखैरणें, सिडकोनें वसविलेल्या या प्रत्येक वस्तींत सेक्टर पांच आहेच. शिवाय ती मुलगी केवळ नव्या मुंबईपुरती बसलेली नव्हती.

२०१२ सालीं दिल्लींत घडलेल्या अमानुष प्रकारानंतर देशभर एकच आपत्कालीन क्रमांक असावा, या विचारास जोर आला. २०१८ च्या नोव्हेंबरांत हिमाचल प्रदेशांत त्याचा आरंभ झाला व २०२१ सालीं तो महाराष्ट्रांत आला. त्याचें मुख्य केंद्र आमच्या शेजारीं महापे येथें असून दुसरें नागपुरास आहे; एक बंद पडलें तरी दुसऱ्यानें काम चालवावें, अशी योजना. महापें म्हणजे ठाणें-बेलापूर रस्ता ओलांडला कीं आलेंच. पण तेथें बसलेल्याच्या कानीं गडचिरोलीची हांकही पडते व सावंतवाडीचीही. हकीकत टिपून घेतली कीं ती त्या त्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते. तेथील नकाशावर पोलिसांच्या गाड्या कोठें आहेत तें दिसत असतें. जी जवळ असेल तिच्यांतील पडद्यावर निरोप उतरतो. जुन्या बिनतारी यंत्रावरील संभाषण ज्याच्यापाशीं तसें यंत्र असे त्याच्या कानीं पडण्याचा धोका असे. पोलीस कोठून निघाले हें चोरास आधीं कळलें, तर त्या निघण्यास अर्थ काय?

असें जाळें थोड्या मुदतींत उभें करणें शक्य आहे काय? आहे. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत हेलीव्हिल नांवाचें लहानसें गांव आहे. १९६८ च्या जानेवारींत अमेरिकेंतील एका बड्या टेलिफोन कंपनीनें ९११ हा क्रमांक सुरू करण्याचा मनोदय जाहीर केला. अलाबामांतील एका लहान कंपनीच्या प्रमुखास वाटलें कीं हा मान आपणच घ्यावा; आणि आठवड्याच्या आंतबाहेर तारा जोडून १६ फेब्रुवारीस त्यांनीं पहिला ९११ लावूनही दाखविला! मात्र तें एक गांव होतें. फोन करणारा व घेणारा एकमेकांच्या गल्लीबोळांचे माहीतगार. संबंध राज्याचे फोन एका छपराखालीं आणले कीं हें ओळखीचें भांडवल नाहींसें होतें. तारा मुदतींत ओढतां येतात. पत्ता सांगण्याची संवय कंत्राटानें लावतां येत नाहीं.

मोबाइलवरून जागा आपोआप कळत नाहीं काय, असें कोणी विचारील. कळते, पण मनोऱ्यावरून कळते तें एक वर्तुळ असतें. आमच्याकडील मूळचीं बैठीं घरें आतां मजल्यांवर मजले चढून भिंतीस भिंत लागून उभीं आहेत. तसल्या एका वर्तुळांत शेंकडों दारें मावतात. उपग्रहावरून कळणारी जागा अधिक नेमकी खरी, परंतु भिंतींच्या आड तिचाही भरंवसा उणाच.

आणखी एक छिद्र आहे, तें बुजविणें कोणाही यंत्रज्ञाच्या हातीं नाहीं. मुलें गंमत म्हणून ११२ लावतात. पुष्कळ मोबाइलांवर बाजूचें बटण लागोपाठ दाबलें तरी हा फोन लागतो, म्हणून चुकूनही लागतो. चुकून लागला तर घाईनें तोडूं नये, “चूक झाली” एवढें सांगून मग ठेवावा. नाहींतर उलट फोन करून खातरजमा करण्यांत त्यांचा वेळ जातो. मुद्दाम खोटी खबर देणें हा तर कायद्यानें गुन्हाच आहे.

त्या रात्रीं मुलगी माझ्यावर चिडली नाहीं. “गांव कोणतें? जवळची खूण काय?” असें एकेक विचारून तिनें माझ्याकडून पत्ता वदवून घेतला. गाडी आली, चोर पळाले. जाळी हातभर कापून झाली होती. आजीबाई नातीस पोटाशीं धरून स्वयंपाकघरांत कडी लावून बसल्या होत्या. माझ्या सेक्टर पांचमध्यें गेलेला वेळ त्यांनीं तेथें अंधारांत काढला.

आतां आमच्या दाराच्या आंतल्या बाजूस एक पुठ्ठा टांगला आहे. नातवानें त्यावर ठळक अक्षरांत गांव, सेक्टर, ओळ, घराचा क्रमांक व जवळची खूण लिहिली आहे. खुणेच्या जागीं मीं ‘गणपतीचें देऊळ’ लिहावयास सांगितलें होतें. देवळें चार आहेत, असें म्हणून सूनबाईंनीं तें खोडलें व ‘पाण्याची टाकी’ लिहविलें.