सेवाभावी क्लब आणि सभासदत्वाची अट

समाजसेवेची इच्छा असूनही अनेकजण सेवाभावी क्लबांपासून दूर का राहतात, हा प्रश्न मला नेहमी पडतो. रोटरीचा इतिहास पाहिला म्हणजे त्याचे उत्तर काही अंशी सापडते.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे पॉल हॅरिस यांनी तीन स्नेह्यांसह या क्लबाचा पाया घातला. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरत. त्यावरूनच 'रोटरी' हे नाव पडले. पुढे साप्ताहिक सभा आणि हजेरीचे बंधन यांना फार महत्त्व आले. स्त्रियांना तर जगभरच्या क्लबांत प्रवेश मिळण्यास १९८९ साल उजाडावे लागले.

२०१६ साली मात्र नियम सैल झाले. महिन्याला किमान दोन सभा पुरेशा ठरल्या. कुटुंबाच्या वा कंपनीच्या नावे सभासदत्व देण्याची मुभा क्लबांना मिळाली. रोटरॅक्टच्या तरुणांना एकाच वेळी रोटरीचेही सभासद होता येऊ लागले.

अशा सवलतींनी शिस्त ढिली पडते, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. सकाळी नोकरी आणि दुपारी कॉलेज करणारा विद्यार्थी दर आठवड्याची सभा गाठू शकणार नाही. पण रविवारी रक्तदान शिबिरात तो दिवसभर राबेल. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाकाठी १२० तासांचे काम अपेक्षित असते. क्लबांनीही तसेच करावे. वर्गणी ऐपतीप्रमाणे घ्यावी, वेळ सवडीप्रमाणे मागावा. परंतु स्वीकारलेल्या कामात मात्र कसलीही सवलत देऊ नये.