स्टार वॉर्सची विमानं, फाळक्यांचा वाटाणा आणि आपलं दुकान



मागच्या व्हिडिओत बोलता बोलता मी 'स्टार वॉर्स'चं उदाहरण दिलं आणि बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, अंतराळातल्या सिनेमाचा आणि आमच्या दिंद्रुडच्या दुकानाचा काय संबंध?" व्हिडिओत वेळ पुरला नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी एक आठवण काढा. लहानपणी जत्रेत फोटोवाल्याचा तंबू असायचा. मागे रंगवलेला पडदा, पुढे प्लायवूडचं कापलेलं विमान. आपण खिडकीतून तोंड बाहेर काढायचं, की फोटोत आपण विमानात! जुन्या अंतराळपटांमागची सगळी जादू या तंबूत आहे. फक्त त्यांनी ती फार काटेकोरपणे केली.

१. काचेवर रंगवलेलं जग

कॉम्प्युटर नव्हते तेव्हा मोठमोठे महाल, खोल दऱ्या, परके ग्रह कुठून आणायचे? चित्रकार ते काचेवर रंगवायचे. नट जिथे उभा राहणार तेवढी जागा मोकळी सोडायची आणि तिथे नंतर खरं चित्रण बसवायचं. याला मॅट पेंटिंग म्हणतात. 'स्टार वॉर्स'मध्ये म्हातारा ओबी-वान एका खोल विहिरीसारख्या जागेच्या काठावर उभा राहून यंत्र बंद करतो, आठवतंय? ती खोली चित्रातली आहे. खाली काही नव्हतंच.

आपल्याकडे हे काम नवीन नव्हतं. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर आधी संगीत नाटकांचे पडदे रंगवायचे. पडद्यावर राजवाडा असा काढायचा की मागच्या रांगेतल्या माणसालाही तो खरा वाटावा. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी पुढे कॅमेरा स्वतः तयार करून सिनेमे काढले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल नंतर 'प्रभात'चे भागीदार झाले आणि त्यांनी १९३६ मध्ये 'संत तुकाराम' केला. शेवटी तुकोबांना न्यायला आकाशातून विमान येतं, तो प्रसंग आठवून बघा. 'स्टार वॉर्स'ची यानं पडद्यावर गाजायच्या कितीतरी आधी मराठी प्रेक्षकाने आकाशात विमान पाहिलं होतं, आणि थिएटरात हातही जोडले होते.

२. पेन हवेत कसं तरंगलं?

१९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'मध्ये प्रवासी झोपलाय आणि त्याचं पेन हवेत तरंगतंय असा शॉट आहे. लोकांनी तोंडात बोटं घातली. केलं काय होतं? पेन दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने मोठ्या काचेवर चिकटवलं आणि काच हळूहळू फिरवली. हवाई सुंदरी येते आणि पेन काचेवरून अलगद काढून घेते. बस्स!

त्याच सिनेमात त्यांनी सुमारे अडतीस फूट व्यासाचं फिरणारं चाकही बांधलं आणि त्याच्या आत सेट लावला. त्यावर साडेसात लाख डॉलर गेले. म्हणजे एका ठिकाणी टेप आणि काच, दुसऱ्या ठिकाणी लाखो डॉलर. कुठे टेपने भागतं आणि कुठे खर्च करावाच लागतो, हे ओळखणं हाच धंदा आहे.

३. विमान जागेवर, कॅमेरा पळतोय

१९७५ मध्ये जॉर्ज लुकासला 'स्टार वॉर्स'साठी इफेक्ट्स हवे होते. स्टुडिओचा स्वतःचा तो विभाग तेव्हा बंद झालेला. मग त्याने लॉस एंजेलिसजवळ व्हॅन नाइज इथे एका गोडाऊनमध्ये पोरं गोळा केली. बऱ्याच जणांना सिनेमाचा अनुभवही नव्हता. तीच आज जगप्रसिद्ध असलेली 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक'.

त्यांनी काय जुगाड केला बघा. बाजारात मुलांसाठी रणगाडे, विमानं जोडायचे प्लास्टिकचे किट मिळतात. ते आणून त्यातले बारीक तुकडे यानांच्या मॉडेलवर चिकटवले. जवळून पाहिलं तर रणगाड्याचा भाग, पडद्यावर वाटतं केवढी गुंतागुंतीची मशिनरी! कॅमेरेही जुनेच घेतले. व्हिस्टाव्हिजन हा प्रकार तेव्हा बाजारातून गेलेला होता, पण त्याची निगेटिव्ह मोठी असल्यामुळे चित्र जोडताना दर्जा टिकायचा.

आता मुख्य युक्ती. एसटीच्या खिडकीतून आपल्याला झाडं मागे पळताना दिसतात ना? तसंच. मॉडेल जागेवर ठेवायचं आणि कॅमेरा त्याच्याजवळून न्यायचा. जॉन डायक्स्ट्रा आणि त्याच्या टीमने कॅमेऱ्याची हालचाल यंत्राच्या स्मरणात साठवली. त्यामुळे तीच हालचाल पुन्हा पुन्हा हुबेहूब करता यायची. एकदा यान, एकदा त्याचे दिवे, एकदा दुसरं यान असं वेगवेगळं शूट करायचं आणि शेवटी सगळं एका फिल्मवर छापायचं. सुरुवातीला वर सरकत जाणारी पिवळी अक्षरं? ती सुमारे सहा फूट लांबीच्या पट्टीवर जमिनीवर मांडली होती आणि कॅमेरा त्यावरून फिरला.

पण हे सोपं गेलं नाही. सुरुवातीचे कित्येक महिने यंत्रं बनवण्यातच गेले. इफेक्ट्सच्या बजेटमधला निम्म्याच्या आसपास पैसा संपला आणि हातात मोजकेच शॉट, तेही लुकासला पसंत नाहीत! ताणाने त्याच्या छातीत दुखू लागलं, दवाखाना गाठावा लागला. २५ मे १९७७ ला सिनेमा लागला आणि पुढच्या वर्षी इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, ते आपल्याला माहीत असतं. मधली धाकधूक कुणी सांगत नाही.

४. पैसा कशावर मिळाला?

मित्रांनो, माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे. दोन स्टुडिओंनी लुकासला नकार दिला होता. कागदावरची गोष्ट कुणाला कळेना. मग त्याने राल्फ मॅक्वॉरी नावाच्या चित्रकाराकडून चित्रं काढून घेतली. हा माणूस आधी बोइंग कंपनीत तांत्रिक चित्रं काढायचा. वाळवंटात उभे दोन रोबो, काळ्या पोशाखातला खलनायक अशी ती चित्रं. डार्थ व्हेडरचा श्वासाचा मुखवटासुद्धा मॅक्वॉरीच्या डोक्यातून आला. पटकथेत व्हेडर एका यानातून दुसऱ्यात जातो. मधे हवा नाही, मग हा श्वास कसा घेणार? या साध्या प्रश्नातून तो मुखवटा आला. या चित्रांमुळे फॉक्स स्टुडिओच्या लोकांना सिनेमा डोळ्यांसमोर दिसला आणि पैसा मंजूर व्हायला मदत झाली.

अंतराळातली लढाई कशी हवी हे स्वतःच्या पोरांना सांगतानाही लुकासने तेच केलं. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या लढायांचे जुने तुकडे जोडले आणि म्हणाला, अशी हवी.

आणि हे आपल्या दादासाहेब फाळक्यांनी त्याच्या साठ वर्षं आधी केलंय! विमा पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा आणला. पण सिनेमाला भांडवल कोण देणार? तेव्हा लोकांना सिनेमा काढायचा म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा लावला. समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं, महिनाभर. मग ते सलग दाखवलं. मिनिटभरात बी फुटतंय, अंकुर वर येतोय, वेल चढतेय! 'अंकुराची वाढ' असं त्याचं नाव. हे बघून सावकारांचा विश्वास बसला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, शूटिंगवाल्यांचा स्वयंपाक केला, फिल्मला भोकं पाडायचं कामही केलं. ३ मे १९१३ ला मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला.

५. आता माझी चूक ऐका

दुकान सुरू केल्याच्या दुसऱ्या वर्षी मला वाटलं, खेळण्यांचा मोठा सेक्शन टाकू. बीबीए केलेलं, डोक्यात आकडे तयार. मामांकडून पैसे घेतले, कमी पडले म्हणून आईच्या पाटल्या गहाण टाकल्या. काचेचं फर्निचर केलं, दिवाळीसाठी माल भरला. आणि आपल्या भागातली साधी गोष्ट विसरलो. दसरा-दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला माणसं कारखान्यावर जातात. लेकरंही सोबत जातात. ज्यांच्यासाठी खेळणी आणली तीच गावात नव्हती! माल उन्हाळ्यापर्यंत पडून. पाटल्या सोडवायला दीड वर्ष लागलं. आई एका शब्दाने बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

फाळक्यांच्या घरातलेही दागिने गेले होते. पण मागायच्या आधी त्यांनी वाटाणा लावून दाखवला होता. मी काहीच लावलं नव्हतं, ना दुसऱ्याला दाखवायला, ना स्वतःला.

नंतर मी दुकानात फक्त एक टेबल मांडला. दहा-बारा वस्तू. वहीत दोन रकाने: कुणी काय विचारलं, कुणी काय घेतलं. दोन महिन्यांत कळलं की मोठ्या रिमोटच्या गाड्या सगळे हातात घेतात आणि खाली ठेवतात. विकतात ते चेंडू, कंपास, रंगपेट्या. आणि मोठी खरेदी होते ती माणसं हंगाम संपवून गावी आल्यावर. ती वही घेऊन मी कर्ज मागायला गेलो, तेव्हा समोरच्या साहेबांनी फाइल बाजूला ठेवून आधी वहीच वाचली.

६. रिकामा डबा आणि रिकामा हात

'स्टार वॉर्स'ची खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीचा १९७७ च्या नाताळपर्यंत माल तयारच झाला नाही. त्यांनी काय विकलं माहितीये? जवळजवळ रिकामं पाकीट! आत पुठ्ठ्याचं चित्र आणि एक कूपन: हे पाठवा, चार बाहुल्या पुढच्या वर्षी घरपोच. लोकांनी घेतलं. पण हे सगळ्यांना जमत नाही. पडद्यावर त्यांनी आधी भरपूर दाखवलं होतं, आणि बाहुल्याही कबूल केल्याप्रमाणे पोचवल्या. विश्वास आधी, कूपन नंतर.

उलट बाजूही बघा. १९०२ मध्ये चंद्रावर जाणारा पहिला गाजलेला सिनेमा काढणारे फ्रान्सचे जॉर्ज मेलिएस. तेही जादूगार, आपले फाळकेही 'प्रोफेसर केळफा' नावाने जादूचे प्रयोग करायचे. मेलिएसच्या सिनेमाच्या चोरून काढलेल्या प्रती अमेरिकेत चालल्या, त्यांना त्याचा पैसा मिळाला नाही. शेवटी पॅरिसच्या रेल्वे स्टेशनवर ते खेळण्यांचं दुकान चालवत बसले. फाळकेही १९४४ मध्ये नाशकात गेले तेव्हा जवळ फारसं काही नव्हतं. कला दोघांकडे अफाट होती. हिशोब आणि हक्क हातातून निसटले. लुकासने खेळण्यांचे हक्क स्वतःकडे ठेवले, हा फरक लक्षात ठेवा.

गृहपाठ

या पंधरवड्यात एवढंच करा. तुमच्या डोक्यात जे नवीन आहे, मग ते मसाले असोत, ब्लाउज शिवणं असो की मोबाइल रिपेअरिंग, त्याचा एक छोटा नमुना बनवा. दहा माणसांसमोर ठेवा. काय विचारलं आणि काय घेतलं, वहीत लिहा. त्याआधी कुणाकडे पैसे मागू नका आणि घरातलं सोनं तर अजिबात हलवू नका.

वहीच्या पानाचा फोटो मला पाठवा. पुढच्या व्हिडिओत त्यातली तीन पानं घेऊन आपण हिशोब मांडू. भेटू!